बाबांची माशांची टाकी
सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले आणि त्यांची माशांची टाकी माझ्यावर सोपवली. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या रांझीच्या घरात त्यांनी केलेली ती एकच हौस. आठवड्याभरात काचेवर तपकिरी शेवाळ चढलं, मासेही धड दिसेनात. बाबा परत येऊन हे बघतील, या विचारानं मला धडकी भरली.

रविवारी सकाळी मी मासे बादलीत काढले, काच, वाळू आणि फिल्टरचा स्पंज खसाखसा घासला आणि टाकी सरळ नळाच्या पाण्यानं भरली. मासे आत सोडले तर थोड्याच वेळात पाचही जण वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. एक तर आडवाच झाला. मी बाबांना फोन लावला.

"नळाचं पाणी तसंच टाकलं? काहून?" ते ओरडलेच. मग त्यांनी आवाज सावरला. "टाकीखालच्या कप्प्यात निळी बाटली आहे, क्लोरीन मारायचं औषध. लिहिलंय तेवढंच टाक. हवेचा पंप चालू ठेव. अन् फोन ठेवू नको."

मी औषध टाकलं. दर मिनिटाला ते विचारून राहिले, "खाली गेले का?"

तासाभरानं चार मासे खाली गेले. आडवा झालेला, बाबांचा सगळ्यात जुना, तो मात्र वाचला नाही.

"बाबा, चुकलं माझं."

"त्या शेवाळानं माशांना काही होत नाही, बेटा. नुसती काच पुसायची होती. मीच सांगून जायला पाहिजे होतं."