मागची डबल

उचगावात आशीर्वाद आणि शिव्या या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला जात, आणि तो माणूस म्हणजे भाऊसो कांबळे. भाऊसो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी टाकून तो पहाटेच्या काळोखात गल्ल्या धरायचा. खड्ड्यात चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि मग तिथंच कान टवकारून उभा राहायचा. मागं कुणाच्या तरी मोरीत नळ खाकरल्याचा आवाज आला की मगच पुढच्या गल्लीला लागायचा. कानानं ऐकल्याशिवाय "पाणी सोडलंय" हे शब्द त्याच्या तोंडातून कधी निघाले नाहीत. पाणी आलं की बायका "तुजं भलं हुईल रं बाबा" म्हणायच्या. गेलं की त्याच बायका त्याच तोंडानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

अशा माणसाला काळोखाचं काय वाटणार? तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, कुणी उतारा टाकलेला असला की अख्खं गाव वळसा घालून जायचं. भाऊसो सरळ जायचा आणि जाताना नारळ-लिंबू उचलायचा. लिंबाचं सरबत, नारळाची चटणी, आणि लिंबाला टोचलेल्या टाचण्या बायकोच्या हवाली.

"अवो, भूत लागंल की," मीनाबाई म्हणायची.

"कुणाला? चटणीला?"

त्याच्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले टाक, ताईत, अंगारे एका फडक्यात बांधून पंचगंगेत सोडले होते. "त्याच गठळ्यातनं भुतं बी गेली. पवाय येत नव्हतं त्यास्नी," असं भाऊसो चारचौघांत सांगायचा. गावात कुणाला काही दिसलं, कुणाच्या अंगात आलं, की तो तिथं हजर. अशी फिरकी घ्यायचा की दिसलेल्या माणसाला आपले डोळेच खोटे वाटावेत. त्यामुळं हळूहळू लोकांनी भाऊसोला असलं काही सांगायचंच सोडून दिलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याचा जिवाभावाचा दोस्त गुंडू चौगुले. दोन म्हशी, थोडा ऊस, आणि समुद्राचं वेड. हे वेड कुठून लागलं कोण जाणे, कारण चौगुल्यांच्या घरात कोल्हापूरच्या रंकाळ्यापेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. पण दर पौषात एका शनिवारी संध्याकाळी गुंडू गँग गोळा करायचा, आणि साध्या, काळ्या, दांडीच्या सायकलींवरून सगळे रातोरात कुणकेश्वरला समुद्रावर जायचे. गगनबावड्यापर्यंत चढ, मग करूळ घाट, खाली वैभववाडी, आणि तिथून पुढं समुद्र येईपर्यंत पाय मारत राहायचं. परतताना सायकली एसटीच्या टपावर आणि माणसं आत, एकमेकांच्या खांद्यावर घोरत.

पुढं कायम अमरसिंह. तालमीतला गडी. उभा राहिला की मागं दुकान असलं तरी दिसायचं नाही. मागोमाग तालमीतलीच दोन-चार पोरं. मग आण्णा, जयसिंगपूरचा भडंगवाला. दुकान मुलाच्या गळ्यात घालून तो भडंगाची पिशवी कॅरिअरला बांधून यायचा आणि वाटभर बोलायचा. त्याच्यामागं भाऊसो. आणि सगळ्यात शेवटी, शेपटाला, गुंडू.

घाटात वळणं अशी की मागचा माणूस दिसत नाही. म्हणून गुंडूनं घंटीची पद्धत पाडली होती. पुढच्यानं एकदा वाजवायची. ती ऐकून मागच्यानं एकदा, मग त्याच्या मागच्यानं, अशी ती शेपटापर्यंत जायची. शेवटच्यानं मात्र दोनदा. डबल म्हणजे 'माझ्या मागं कोण न्हाय, सगळी हायत.' डबल आली नाही की जो जिथं असेल तिथं त्यानं ब्रेक दाबायचा. आणि समुद्रावर गेल्यावर दुसरा नियम. शेपूट आल्याशिवाय कुणी पाण्यात जायचं नाही, आणि पहिला पाय शेपटानं घालायचा. रात्रभर सगळ्यांच्या मागं राहणाऱ्याला एवढा मान हवाच, असं गुंडूचं म्हणणं. नियम त्यानंच केलेला, त्यामुळं मान दर वर्षी त्यालाच.

त्याची घंटी मात्र अख्ख्या जिल्ह्यात एकटीच. कधीतरी बैलगाडीखाली सापडून तिची वाटी तडकली होती. इतरांची टिंग वाजायची, गुंडूची 'टर्र-खट्ट.' सर्दी झालेला बेडूक शिंकल्यासारखी.

"नवी घे की लेका," अमरसिंह म्हणायचा. "मी दितो पायजे तर."

"नवी सगळ्यांचीच वाजती रं. ही वाजली म्हंजे गुंडू हाय."

छप्पन्नाव्या वर्षी, श्रावणात, गुंडू रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. साल होतं शहाण्णव.

पौष आला तरी कुणी समुद्राचं नाव काढेना. एका संध्याकाळी चहाच्या गाड्यावर भाऊसोनंच विषय काढला. सगळे ग्लासात बघू लागले. जायला ना नव्हती, पण शेपटाला कोण? घाटात सगळ्यांच्या मागं, जिथं गुंडू असायचा तिथं?

"मी पुढंच बरा," अमरसिंह म्हणाला. "मला वारं लागतंय."

"मला बोलायला म्होरं बी माणूस लागतंय, मागं बी लागतंय," आण्णा म्हणाला.

मग सगळ्यांनी भाऊसोकडं बघितलं. उताऱ्यातला नारळ खाणारा माणूस गँगमध्ये असताना दुसऱ्या कुणी का जावं?

"मी हाय की," भाऊसो म्हणाला. "मेलेला माणूस सायकल चालवत न्हाय. चालवत असता तर एसटी बंद पडली असती."

सगळे हसले. पण भाऊसोला पक्कं कळलं होतं की गुंडूची ही फेरी आता आपल्या अंगठ्यावर उभी आहे. आपण एकदा जरी त्या घाटात घाबरून ओरडलो, तर पुढच्या पौषात या गाड्यावर चहा होईल, समुद्र होणार नाही.

निघायच्या दिवशी तो गुंडूच्या घरी सांगायला गेला. गुंडूची बायको चिमणाबाई गोठ्यात होती. सायकल आढ्याला टांगलेली, चाकात हवा नाही, आणि घंटीला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलेलं.

"पोरं वाजवत्यात," ती म्हणाली. "आवाज आला की मला वाटतंय, आलं. म्हणून बांधली." मग थोड्या वेळानं, "शेपटाला कोण?"

"मी, वैनी."

"मग डबल नीट वाजवा भाऊजी. त्येंचा जीव तेवढ्यातच असायचा."

रंकाळ्यावरून निघताना सगळं नेहमीसारखं होतं. आण्णा मुलाच्या लग्नापासून सुरू झाला तो कळे गावात चहा पिताना सुनेच्या माहेरापर्यंत पोचला. चढाला एका पोराची चेन पडली, तर अमरसिंहानं ती बसवायच्या नादात तोंड असं काळं करून घेतलं की पुढच्या टपरीवाल्यानं त्याला आधी पाणी दिलं, चहा नंतर. हसता हसता असळज गाव मागं पडलं. थंडी वाढत गेली, तसं बोलणं कमी होत गेलं.

गगनबावड्याला धुकं होतं. साधंसुधं नाही. डायनामोचा उजेड पुढच्या चाकापर्यंत जाऊन तिथंच बसायचा. घाटाच्या तोंडाशी सगळे थांबले. अमरसिंहानं मफलर कानावर ओढला.

"घंटी चालू ऱ्हाऊ दे रं," तो म्हणाला आणि उतारावर गेला. धुक्यानं त्याच्याएवढा माणूस एका घासात गिळला.

पहिल्या वळणाला पुढून टिंग आली. मग पोरांच्या. मग आण्णाची. भाऊसोनं अंगठा ठेवला, टिंग-टिंग. खाली लांबून, डबल पोचल्याची खूण म्हणून, अमरसिंहाची "हॅ!" आली. सगळं बरोबर. भाऊसोला छाती फुगल्यासारखं वाटलं. यात काय आहे? चावी फिरवायची, नळ खाकरतो.

दुसऱ्या वळणाला पुन्हा घंटी फिरली. भाऊसोनं डबल दिली. आणि ती विरायच्या आत मागून, जरा वरच्या अंगाला, एकदाच वाजली.

टर्र-खट्ट.

दरी हाय, तो स्वतःशी म्हणाला. दरीत आवाज फिरतोय. पण टिंग गेली तर टिंगच परत यायला हवी. दरी काही आवाजाला सर्दी करून पाठवत नाही. त्यानं पाय थांबवले. त्याच्या फ्रीव्हीलचा कटकटकट आवाज सुरू झाला, आणि त्याच्यामागं आणखी एक कटकटकट, सावकाश, जुन्या फ्रीव्हीलची. त्यानं ब्रेक दाबला. मागचीही हळू झाली. मानेवरचे केस थंडीनं उभे राहतात तसे नव्हे, दुसऱ्याच कशानं तरी उभे राहिले.

त्यानं मान वळवली. धुकं. आणि धुक्यात एका जागी, सायकलच्या दिव्याएवढ्या उंचीवर, पिवळट डाग. चाक मंदावल्यावर डायनामोचा उजेड जसा विझत विझत जातो, तसा तो विझत होता.

भाऊसोनं पुढं बघितलं ते मग पुढंच. आपण ओरडलो तर? खाली उतारावर माणसं आहेत, धुकं आहे, बिचकून एखादा कठड्यावर जाईल. आणि ओरडून काय सांगणार? ज्याच्या तोंडाच्या भीतीनं गाव भुताचं नाव काढत नव्हतं, तो भाऊसो कांबळे घाटात बोंबलला? हे सगळं तो विचार करतोय तोवर तिसरं वळण आलं.

टिंग. टिंग. टिंग. आण्णाची आली.

आता त्याची पाळी. अंगठा घंटीवर होता आणि हलत नव्हता. डबल वाजवायची म्हणजे सांगायचं, माझ्या मागं कोण न्हाय. आणि मागं कटकटकट चालू होती. कानानं ऐकल्याशिवाय त्यानं उभ्या आयुष्यात 'हाय' म्हटलं नव्हतं. मग कानानं ऐकून 'न्हाय' कसं म्हणायचं? कोण हाय, काय हाय, ते पुढचं पुढं. पण हाय ते हाय.

भाऊसोनं घंटी एकदाच वाजवली.

टिंग.

घाट गप्प झाला. खाली कुणाचा तरी ब्रेक किंचित कुरकुरला. डबल आली नाही, आता सगळे थांबणार, आता ओरडून विचारणार.

मागून आली. सावकाश, सवयीनं आल्यासारखी.

टर्र-खट्ट. टर्र-खट्ट.

खालून बराच वेळ काही नाही. मग अमरसिंहाची "हॅ" आली. नेहमीपेक्षा बारीक. सायकली पुढं चालू लागल्या.

उरलेला घाट भाऊसोनं तसाच उतरला. प्रत्येक वळणाला एक टिंग, आणि मागून डबल. एकदाही त्यानं मागं बघितलं नाही. पाठ बर्फ झाली होती. पण हँडल कुठं थरथरलं नाही, कारण मागचा माणूस अंतर राखून होता, पूर्वी राखायचा तेवढंच.

वैभववाडीला चहा घेताना कुणी बोललं नाही. आण्णासुद्धा नाही. त्यानं भडंग वाटलं, तेव्हा निम्मं जमिनीवर सांडलं.

"धुकं लई हुतं," अमरसिंह ग्लासात बघत म्हणाला.

"व्हय. लई," भाऊसो म्हणाला.

उन्हं वर आल्यावर समुद्र दिसला. सायकली वाळूत आडव्या टाकून सगळे पाण्याच्या काठाला ओळीनं उभे राहिले आणि नियमाप्रमाणं भाऊसोची वाट बघू लागले. भाऊसो आला. सायकल धरून काठावर उभा राहिला आणि तसाच राहिला.

"घाल की पाय," अमरसिंह म्हणाला. "आज शेपूट तू हैस."

"न्हाय," भाऊसो म्हणाला. हे बोललं की आयुष्यभराची फुशारकी गेली, हे त्याला कळत होतं. "माझा नंबर न्हाय. म्या डबल वाजवलीच न्हाय पैल्या दोन वळणांनंतर. हसा आता काय हसायचं ते."

कुणी हसलं नाही. लाट येऊन बोटांपाशी थांबली आणि मागं गेली.

"म्हंजे तू बी ऐकलास?" आण्णा एकदम खाली वाळूतच बसला. "आरं मला वाटलं, माझंच कान गेलं!"

"मग बोलायचं न्हाईस व्हय?" अमरसिंह ओरडला.

"तू तरी कुठं बोललास?"

"ह्याच्यापुढं?" अमरसिंहानं भाऊसोकडं बोट केलं. "ह्यानं मला मरूस्तवर सोडला असता काय? भुतापेक्षा ह्याचंच भ्या वाटलं मला!"

मग मात्र सगळे हसले, पण मोठ्यानं नाही. हसता हसता प्रत्येकानं एकदा मागं, वाटेकडं बघून घेतलं. वाट रिकामी होती. कुणी पुढं होईना. मग सगळे थोडे थोडे बाजूला सरकले. मध्ये एका माणसाला सायकल घेऊन जाता येईल एवढी जागा झाली. लाटा येत होत्या, जात होत्या. एक लाट त्या मोकळ्या जागेतून जरा जास्तच आत आली.

"गेला आसंल," आण्णा हळूच म्हणाला.

तेव्हा कुठं भाऊसोनं पाण्यात पाय घातला.

"मग आता भूत हाय म्हणतोस का न्हाय?" परतताना एसटीत अमरसिंहानं विचारलं.

"भूत न्हाय म्हंजे न्हाय," भाऊसो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "गुंडू हाय. गुंडू भूत कवापास्नं झाला?"

फेरी पुढं पुष्कळ वर्षं चालली. गिअरच्या सायकली आल्या, डोक्यावर हेल्मेटं आली, नवी माणसं आली. भाऊसो गुडघे कुरकुरू लागले तरी शेवटचाच असायचा, आणि घंटी एकदाच वाजवायचा. मागून काही यायचं की नाही, हे नव्यांना कळत नसे. पण अमरसिंहाची "हॅ" मात्र दर वळणाला यायची.

त्या पहिल्या वर्षी मात्र परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी सोडून झालं, तसा भाऊसो चावी खांद्यावर घेऊनच गुंडूच्या घरी गेला. चिमणाबाई धारा काढत होती. सायकल आढ्याला होती तिथंच होती. चाकात हवा नव्हती. घंटीला फडकं होतं.

"पोचलासा सगळी?" तिनं न बघताच विचारलं.

"सगळी, वैनी."

चरवीत दुधाची धार वाजत राहिली.

"बरं झालं. शनवारच्या रातीला हे फडकं सुटून खाली पडलं हुतं. सकाळी परत बांधलं. वाऱ्यानं सुटलं आसंल."

गोठ्याला चारी बाजूंनी भिंत होती. असल्या गोष्टींवर वाद घालायची एकही संधी ज्या माणसानं जन्मात सोडली नव्हती, त्यानं फडक्याकडं नीट बघून घेतलं, खांद्यावरची चावी सारखी केली आणि म्हणाला,

"व्हय, वैनी. वाऱ्यानंच."