आक्काची म्हैस आणि दोन सुया

नंदुरबारहून निघालेली पॅसेंजर उधन्याला थांबली, तेव्हा मला वाटलं होतं, दोन दिवस आक्काकडे आराम करायचा, सुरतेची घारी खायची आणि परतायचं. कसचं काय! डिंडोलीला पोचलो तर आक्का म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसलेली. गल्लीतली एक म्हैस काळिया तापानं (आपल्याकडची फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स) उभ्या उभ्या कोसळली होती. आक्काची गाभण होती, दूधही देत होती. मेव्हण्यांच्या मिलचा भरवसा नव्हता, घर त्या दुधावरच चालायचं.

उद्या सरकारी डॉक्टर लस टोचणार होते. पण मेव्हण्यांनी दुहेरी बंदोबस्त म्हणून सकाळीच एका कंपाउंडरकडून म्हशीला पेनिसिलीन टोचून घेतलं होतं. मलाही ते शहाणपणाचंच वाटलं. जेवताना भरीत-भाकरी होती, पण आक्का ताट सारून लशीचीच काळजी करत बसली. शेजारच्या म्हशीची मान लशीनं सुजली होती, दूधही आटलं होतं.

डॉक्टर आले. सूज चार दिवसांत उतरते, म्हणाले. मग सुई भरता भरता विचारलं, “बीजुं कोई इंजेक्शन आप्युं छे?” (दुसरं कुठलं इंजेक्शन दिलंय?)

डॉक्टर रागावतील म्हणून असेल, आक्कानं मान हलवली. नाही. मला राहवेना, मी खरं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी सुई मागे घेतली. लशीत कमजोर केलेले जिवंत जंतू असतात, ते अंगात रुजले तरच ती लागू पडते, आणि पेनिसिलीन त्यांनाच मारतं. आता काही दिवसांनी बघू, औषध दुधातही उतरतं, तोवर दूध टाकून द्या, म्हणाले. म्हणजे जंतू जगले तर म्हैस वाचणार?

“तुले कोनी इचारं व्हतं?” आक्का म्हणाली. “मनी म्हैस मरी गयी तं?” (माझी म्हैस मेली तर?)

निघताना तिनं कोरा चहा पुढे सरकवला. परतीच्या गाडीत व्यारा गेलं, नवापूर गेलं, तरी मला ठरवता येईना, मी म्हैस वाचवली की मारली. फार वाईट वाटत होतं.

काही महिन्यांनी तिच्या गल्लीतला एक कामगार सुट्टीवर आमच्याकडे गावी आला. हातात चिकाची बरणी. म्हैस व्याली होती! डॉक्टरांनी पुढे लस टोचली होती म्हणे. पण मधले दिवस तिला कशानं तारलं, पेनिसिलीननं की नशिबानं, ते त्यालाही सांगता येईना.

आक्काचा निरोप मात्र त्यानं चोख सांगितला. “भाऊले सांग, खाय आनि उगामुगा ऱ्हाय.” (खा आणि गप्प राहा.)

खरवस खाताना मी खरंच गप्प होतो. बोलायला गेलो असतो तर रडू आलं असतं.