खरं ते लिहायचा फॉर्म

मुलांनी त्यांचं नाव कंपासबाई ठेवलं होतं, कारण त्या फळ्यावर नुसत्या हाताने गोल काढायच्या आणि तो गोलच यायचा. शाळेतल्या शेवटच्या वर्गाला एकोणीस वर्षं भूमिती त्यांनीच शिकवली. स्वभाव तापट. शिपायापासून पालकांपर्यंत कुणालाही फैलावर घ्यायच्या. पण एखाद्याला प्रमेय कळलं नाही, की ह्याच बाई पाचव्यांदा पहिल्यापासून सांगायला लागायच्या.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं डावं अंग लुळं पडलं. तेव्हापासून सकाळी त्याला अंघोळ घालून, भरवून, औषधं देऊन बाई धावतपळत शाळा गाठायच्या. कधी दहा मिनिटं उशीर व्हायचा, वह्या तपासायच्या राहायच्या. शिकवण्यात मात्र खोट काढायला जागा नव्हती. चाळीस मिनिटांचा तो तास म्हणजे त्यांचा दिवसातला एकुलता एक विसावा. तिथे कुणी आजारी नसायचं.

बीजगणिताच्या बाई पंधरा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसत. दोघींचे डबे एकत्रच उघडायचे. कंपासबाईंना उशीर झाला की मैत्रीण वर्गावर उभी राहायची, आणि मैत्रिणीला म्हाताऱ्या आईसाठी दुपारीच निघावं लागलं की तिचा शेवटचा तास कंपासबाई घ्यायच्या. ह्याची नोंद कुठेच नव्हती. मैत्रीत कसली नोंद ठेवायची?

वर्ष संपताना शिक्षकांना एक फॉर्म आला. शेवटचा प्रश्न होता, घरच्या कोणत्या अडचणींचा तुमच्या कामावर परिणाम होतो? कंपासबाई पेन चावत बसल्या.

"खरं काय ते लिही," मैत्रीण म्हणाली. "लिहिलं तर सवलत तरी देतील. मीही लिहितेय."

बाईंना खोटं जमत नव्हतंच. उशीर, वह्या, वर्गात एकदा लागलेली डुलकी, सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. पुढच्या वर्षी शेवटच्या वर्गाचं सगळं गणित एकाच शिक्षकाकडे जाणार होतं, आणि तो शिक्षक कंपासबाई नव्हत्या.

"माझा निकाल पाहिलात का?" बाईंचा आवाज चढला.

"निकालाबद्दल प्रश्नच नाही. पण हे तुम्हीच लिहिलंय, बाई. फॉर्मवरूनच ठरणार, हे मी तुमच्या मैत्रिणीला आधीच सांगितलं होतं. म्हटलं, तुमच्या कानावर जाईलच."

टेबलावर निवड झालेल्या शिक्षकाचा फॉर्म उघडा पडला होता. ते अक्षर बाई पंधरा वर्षं ओळखत होत्या. त्याच प्रश्नासमोर दोनच शब्द होते: काही नाही.

बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या तेव्हा मैत्रीण पर्स आवरत होती.

"काय म्हणाले?"

"तू फॉर्मवर काय लिहिलंस?"

"तुझ्यासारखंच. खरं ते." तिने वर पाहिलं नाही. "अगं, माझा शेवटचा तास बघशील? आईला दवाखान्यात न्यायचंय."

"तुला तर घरची काहीच अडचण नाही ना. मी वाचलं ते. मग जा वर्गावर."

मैत्रिणीचा चेहरा उतरला. मग पर्स खांद्याला लावून निघून गेली. वर्गाकडे नाही, फाटकाकडे.

घंटा झाली. बाई खुर्चीत घट्ट बसून राहिल्या. आज काय वाटेल ते होवो, हलायचं नाही. मुख्याध्यापकांना ऐकू जाऊ दे गोंधळ, कळू दे त्यांना काय ते. पलीकडच्या वर्गात बाकं सरकू लागली, कुणीतरी ओरडलं, मग चाळीस मुलं एकदम हसली. पाच मिनिटं गेली. उद्या ह्यांची चाचणी होती, आणि समीकरणं अजून निम्म्यांना येत नव्हती.

बाईंनी खडू उचलला. डोळे भरून आले होते ते रागाने. जाणारी तोंडावर नकार ऐकूनही निर्धास्त गेली होती, कारण कंपासबाई वर्ग रिकामा ठेवू शकत नाहीत, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.