असा विभाग नाही

पहाटे फोन वाजतो तेव्हा चंद्राआक्का जागी असते, आणि तो वाजायचा थांबला की तिचा पुन्हा डोळा लागतो. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे, तिथं ती हल्ली रोज थोडा वेळ बसते.

बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याचा, आप्पांचा, कॉम्प्युटर फोन उचलतो, बेडकासारखा ओरडतो आणि गप्प होतो. पलीकडे कोल्हापूरच्या नार्वेकरांचा कॉम्प्युटर. दोन यंत्रं एकमेकांच्या कानाला लागतात आणि गावोगावच्या लोकांची पत्रं या घरात येऊन पडतात. रेडिओवाल्यांची एका विभागात, बुद्धिबळवाल्यांची दुसऱ्यात, कुठं औषधं, कुठं गावगप्पा. बुलेटिन बोर्ड म्हणतात याला. ट्रंक एक्सचेंजात जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून आप्पांचं पोट भरलं नव्हतं, म्हणून पेन्शनीत हे खूळ. दसऱ्याआधी आप्पा गेले. पत्रं यायची थांबली नाहीत.

परवा नार्वेकरांचा निरोप आला. वाचणारं कुणी नसेल तर विभाग बंद करा, नाहीतर रविवारी मी इथूनच लाइन काढतो. आक्का म्हणाली, "माझ्या घरातली लाइन काढणारा हा कोण? काढायची तर मी काढीन."

त्यासाठी कोल्हापूरला जावं लागत नाही. नार्वेकरांच्या यंत्राला पत्र टाकायचं. वर खुणेचा शब्द, खाली विभागाचं नाव. नावाआधी वजा लिहिलं की बंद, अधिक लिहिलं की चालू. आप्पा त्रिशलाला, म्हणजे सुनेला, सगळं शिकवून गेले होते. पण आक्कानं मजकूर सांगितला तो रीतीचा.

"आत्या, यंत्र आहे ते," त्रिशला म्हणाली.

"म्हणून काय नमस्कार करू नये? मगदुमांच्या घरातनं पत्र जातंय."

ते यंत्र प्रत्येक ओळीला विभागाचं नाव समजतं. काल उत्तर आलं, ओळीला ओळ. नमस्कार: असा विभाग नाही. खुशाली: असा विभाग नाही. आशीर्वाद: असा विभाग नाही. आणि बंद काय करायचं, तिथवर आक्का पोचलीच नव्हती.

आता फोन थांबतो. आक्का कूस बदलते. बाहेरच्या खोलीचं दार उघडं राहिलंय असं वाटून ती उठते, दार लोटायला जाते, तर ते एक्सचेंजचं दार आहे.

लांबच लांब खोली. भिंतभर भोकं, प्रत्येक भोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. टेबलातून जोडायच्या दोऱ्या वर आलेल्या. आप्पा त्यांना कॉर्ड म्हणायचे. ते पाठमोरे बसलेत, कानाला यंत्र लावून.

"बोला, कुठलं गाव पाहिजे?"

"गाव कशाला? घरातनं आलेय."

"आलीस व्हय. चप्पल बाहेर काढ, साहेब ओरडतो."

"कुठला साहेब? सगळ्या खुर्च्या मोकळ्या पडल्यात."

आप्पा वळून हसतात. दाढी गुळगुळीत आहे. शेवटच्या महिन्यात ती आक्काच करायची, आणि हनुवटीखाली थोडी राहायचीच. इथं राहिलेली नाही. हे तिला आवडत नाही.

"दाढी कोण करतं?"

"होते."

"होते म्हणजे? कुणाच्या तरी हातानं होत असेल की."

आप्पा तो विषय सोडतात. "तुझं पत्र बघितलं. यंत्राला आशीर्वाद दिलास." त्यांचे खांदे हलतात. "मला कधी दिला नाहीस."

"तुम्हाला मी कुठला देणार, तुम्ही थोरले. आणि हसू नका. तो नार्वेकर रविवारी लाइन काढतोय."

"मग तूच काढ की." आप्पा एक कॉर्ड ओढतात. दिवा विझतो. "रेडिओ. बंद."

"थांबा."

"बुद्धिबळ. बंद. औषधं..."

कॉर्ड ओल्या आहेत. आप्पा त्या पिळून पायरीवर टाकतात, कारण आता हा पंचगंगेचा घाट आहे आणि टेबल म्हणजे पाणी आहे. दिवे पाण्यात. आक्का खालच्या पायरीवर बसलीय, पाय पाण्यात सोडून, पण लुगडं भिजत नाही.

"मला ती पत्रं नकोतच," ती म्हणते. "मला कुठं वाचता येतात."

"मग अडलंय कुठं?"

आक्का पाण्याकडे बघते. "पहाटे फोन वाजतो. मगदूम आहेत का, असं कोणतरी विचारतंय असं वाटतं. माणसानं उचलला तर नाहीत म्हणून सांगावं लागतं. यंत्र सांगत नाही."

आप्पा पिळायचं थांबवतात.

"तुम्ही आहात त्या विभागाचं नाव सांगा," ती म्हणते. "इंग्रजीत असलं तरी चालेल, त्रिशला लिहील. नमस्कार-बिमस्कार काही घालत नाही. नुसतं अधिक लावते."

"चंद्रे, तो विभाग यादीत नाही."

"यंत्राचं बोलणं तोंडात घेऊ नका. यादी नीट बघा. चष्मा लावून बघा."

आप्पांच्या हातात यादी नाही, चष्माही नाही. ते उरलेली एकच कॉर्ड तिच्या हातात देतात. कापडी विणीची, ऊब असलेली. तिच्या टोकाचा दिवा अजून पाण्यात जळतोय.

"ही राहू दे. गावगप्पा."

"मला काय करायच्या?"

"तिथं मी माझं असं कधी काही लिहिलंच नाही. तू सकाळी भांडी घासताना ज्याला त्याला सोलायचीस, ते मी संध्याकाळी माझ्या नावावर टाकायचो. नागपूरपर्यंत लोक वाट बघतात."

"माझी बोलणी चोरलीत."

"जोडून दिली. जन्मभर दुसरं काय केलं?"

आक्का कॉर्ड बोटाला गुंडाळते. एक वेढा, आणखी एक, घट्ट. पाणी जाऊन पुन्हा भिंत आली आहे. आप्पा सरळ बसतात आणि ट्रंक कॉलवर विचारायचे तसं, नोकरीतल्या आवाजात विचारतात, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"वाढवा."

ते ऐकत राहतात, जणू तिचा आवाज फार लांबून येतोय.

"वाढवा म्हणतेय न्हवं."

"बोला," आप्पा दुसऱ्याच कुणाला तरी म्हणतात, "कुठलं गाव पाहिजे?"

गल्लीतले यंत्रमाग सुरू झालेत. त्रिशला चहा घेऊन उशाशी उभी आहे.

"आत्या, काय वाढवा म्हणत होता?"

"साखर," आक्का म्हणते. "रोज पाणी पाजतेस."

ती उठून बसते. मग म्हणते, "बस लिहायला. रेडिओ वजा. बुद्धिबळ वजा. औषधं वजा. नमस्कार नको, काही नको."

"आणि गावगप्पा?"

"राहू दे. नार्वेकरांना सांग, वाचणारं माणूस आहे. आणि तिथं ह्यांचं नाव काढून माझं घाल."

त्रिशला कप उशाशी ठेवते. बाहेरच्या खोलीत जाऊन बसते. कॉम्प्युटरच्या कळा वाजायला लागतात.

आक्का कप उचलायला हात पुढे करते आणि तसाच धरते. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला मुळापासून नखापर्यंत लाल वेढे आहेत, आणि वेढ्यांत बारीक विणीची नक्षी. अंगावर नुसती पातळ चादर. तिला असली वीण नाही.

बोट ती पदराखाली घेते. चहा निवत राहतो. बाहेर एकेक वजा लिहिलं जातंय, आणि आक्का अंगठ्यानं ते वळ पुन्हा पुन्हा चाचपून बघते. अजून आहेत.