बांडं आहे, आजारी नाही

इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला डागांची भीती घालायला जाऊ नये. रोपांच्या तपासनीस साहेबांना हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते सांगायचं कुणाला सुचलंही नाही. सगळे मजा बघायला उभे होते ना!

पण आधी मावशीच्या नावाचं सांगायला हवं. तिला सगळे कांजीमावशी म्हणत. डॉक्टरांचे कोट ती अशी कडक कांजी घालून इस्त्री करायची की कोट भिंतीला टेकवला तर उभा राहावा. एकदा एक मोठे डॉक्टर तक्रार घेऊन खाली आले, "कॉलर मानेला टोचते हो." मावशी म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी कोट बिनकांजीचा गेला. दुपारपर्यंत तो असा लोंबायला लागला की वॉर्डातल्या एका म्हातारीने डॉक्टरांनाच विचारलं, "बाबा, तुला कुठल्या खाटेवर ठेवलंय?" संध्याकाळी डॉक्टर परत खाली. "मावशी, टोचू दे." तेव्हापासून ते नाव चिकटलं. आणि कांजी काही नुसत्या कोटातच नव्हती, मावशीच्या पाठीच्या कण्यातही तीच.

कामातून निवृत्त झाल्यावर मावशीने सरकारी रोपबागेत पाण्याच्या टाकीलगतचा एक कोपरा घेतला आणि एकच झाड वाढवायला लागली. लाल-पिवळ्या फुलांचं, देठ मोडला की दुधासारखा चीक येणारं, ज्याला लोक हळदकुंकू म्हणतात ते. पण साधं नव्हे, बांडं. बैल कसा बांडा असतो, अंगावर पांढरे पट्टे असलेला, तशी याची पानं. हिरव्यात पांढरं, कडेला जरा गुलाबी झाक, जणू कुणी रंगाचा ब्रश झटकलाय.

"आयुष्यभर डाग काढले," मावशी म्हणायची, "आता डागांची शेती करते. कुणाच्या बापाचं काय जातं?"

तिचं गणित सरळ होतं. नारिंगी पंखांना काळी किनार असलेलं ते फुलपाखरू अंडी घालतं ते अशाच चिकाच्या झाडांवर. त्याच्या सुरवंटाला दुसरं पान चालत नाही. पान हिरवं आहे की बांडं, हे सुरवंट कधी विचारत नाही. पण माणूस विचारतो. साध्या चिकाच्या झाडाला माणूस तण म्हणतो आणि उपटून टाकतो. पट्टे दिसले की तोच माणूस कुंडी उचलून घरी नेतो. "पट्टे माणसाच्या डोळ्यांसाठी, चीक सुरवंटाच्या पोटासाठी. दोघांनाही वाटतं, आपल्यासाठीच केलंय."

या झाडाची एक खोड मात्र भारी. बी पेरलं तर बांडेपणा टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून फांदीच लावावी लागते. फांदी कापली की चीक वाहतो. तो थांबेपर्यंत ती पाण्याच्या वाडग्यात ठेवायची आणि तो हात चुकूनही डोळ्याला लावायचा नाही. एवढं करून झाड धरलं, तरी मधूनच बुडातून एखादा कोंब निव्वळ हिरवा फुटतो. हिरव्याला जोर जास्त. तो राहू दिला तर दोन महिन्यांत सगळं झाड खाऊन टाकतो आणि बांडं पार नाहीसं होतं. म्हणून रोज सकाळी एकेक कुंडी बघायची आणि हिरवा कोंब दिसला की नखाने खुडायचा.

हे खुडायचं काम मावशीच्या नवऱ्याकडे. त्यांना तुकडेकाका म्हणत. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, पण कापडाचा बोटभर तुकडा कधी फेकला नाही. घरात उशी फाडली तर आत चिंध्या, गादी फाडली तर चिंध्या, आणि एकदा काकांचा कोट उसवला तर त्याच्याही खांद्यात चिंध्या. मावशीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अहो, हिरवा कोंब खुडलात की तडक खताच्या खड्ड्यात. घरी आणायचा नाही, खिशात ठेवायचा नाही." काका म्हणाले, "बरं." काकांच्या 'बरं'चा अर्थ मावशीला एवढ्या वर्षांच्या संसारात पुरता कळला नव्हता, एवढंच.

तर झालं असं. इस्पितळात नवं धुलाईघर बांधलं आणि जुनं पाडलं. मधल्या चौकात जिथे चादरी वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, तिथे फुलपाखरांची बाग करायचं ठरलं. मेट्रनबाई स्वतः रोपबागेत आल्या आणि मावशीला म्हणाल्या, "साठ कुंड्या हव्यात. तुमच्याच."

मावशीने हातातली झारी खाली ठेवली. एकतीस वर्षं त्या चौकात तिने ओल्या चादरींखेरीज काही पाहिलं नव्हतं. खाटेवरची माणसं खिडकीतून बाहेर बघत, तर त्यांनाही चादरीच दिसत. त्या चौकात आपल्या हातचं काही हलावं, उडावं, हे तिने मनात कधी धरलं होतं कुणास ठाऊक. त्या दिवशी घरी जाताना तिने काकांना एवढंच विचारलं, "साठ होतील ना हो?" आणि काका म्हणाले, "अगं, मोजून झाल्यात. चौसष्ट आहेत."

शेजारच्या वाफ्यात एक गुलाबवाला होता. त्याला वाटत होतं, चौकात गुलाब लागणार. त्याने तपासनीस साहेबांच्या कानात काय फुंकलं ते तोच जाणे, पण आठवड्याच्या आत साहेब भिंग घेऊन हजर. पान उलटं केलं, सुलटं केलं, मान हलवली.

"बाई, हा रोग आहे. पानांवर असे पट्टे विषाणूने पडतात. मावा एका झाडाचा रस पितो, दुसऱ्यावर बसतो, की रोग तिकडे. सगळी रोपं उपटून जाळावी लागतील."

"माझे गुलाब लागूनच आहेत हो साहेब," गुलाबवाला हात चोळत म्हणाला. "मावशी, राग मानू नका, पण एकाच्या हौसेपायी सगळ्या बागेला घोर."

"भाऊ, तुमच्या गुलाबांना वर्षभर बुरशी आहे. तेव्हा माझी हौस कुठे होती?" मावशीने त्याच्याकडे न बघताच विचारलं. मग साहेबांकडे वळली. "हे जन्मतःच असं आहे, साहेब. रोग नाही."

"ते तुम्ही कशावरून सांगता?"

"तुम्ही कशावरून सांगता?"

साहेबांना असा उलटा प्रश्न नोकरीत कुणी केला नसावा. त्यांनी कोपऱ्याभोवती लाल पट्टी बांधली. विक्री बंद. चार माणसं जमली होती, त्यांच्यासमोर बांधली. मावशी पट्टीच्या आत तशीच उभी राहिली.

"एक सांगा," ती म्हणाली. "रोग असेल तर पसरेल ना? मग दुसऱ्या बागेतून एक साधं हिरवं झाड तुम्हीच आणा. माझ्या बांड्याच्या कुंडीत, अंगाला अंग लावून लावा. त्यावर मावा सोडा, मी एक किडा मारणार नाही. तीन आठवड्यांत हिरव्यावर एक जरी पट्टा आला तर काडी मी लावीन. नाही आला, तर पट्टी तुम्ही सोडायची."

तपासनीस माणूस तसा न्यायाचा. कबूल झाला. दुसऱ्या दिवशी स्वतः हिरवं झाड आणलं, कुंडीत लावलं, चिठ्ठी बांधली आणि गेला. तिकडे मेट्रनबाईंनी निरोप धाडला: बागेचं उद्घाटन बरोबर बाविसाव्या दिवशी. तोवर मोकळीक मिळाली नाही तर नाइलाजाने गुलाब.

तीन आठवडे मावशीने ती कुंडी डोळ्यांत तेल घालून जपली. उंच फळीवर, वर जाळी. पिवळा मावा देठाला लगडला तरी हात लावला नाही. हिरवं हिरवंच राहिलं. रोज सकाळी एकदा वर बघायची आणि गुलाबवाल्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "हिरवंगार!"

एकविसाव्या दिवशी सकाळी साहेब येणार म्हणून तिने कुंडी खाली काढली, पुसली, इतर कुंड्यांच्या रांगेत बाकावर ठेवली आणि हात धुवायला नळावर गेली. तेवढ्यात काका आले. रोजच्यासारखे. एका बाजूने सुरुवात, डोळ्यांवर अर्धा चष्मा, तोंडाने कुणाशी तरी गप्पा. शिंप्याचा हात तो. सुटा दोरा दिसला की डोक्याला विचारत नाही, तोडून मोकळा होतो.

मावशी परत आली तेव्हा परीक्षेच्या कुंडीत बांडं झाड डौलात उभं होतं आणि शेजारी बोटभर खुंट. खुंटावर चिकाचा पांढरा थेंब.

"अहो!"

काकांनी कुंडीकडे पाहिलं. चिठ्ठीकडे पाहिलं. मग स्वतःच्या नखांकडे पाहिलं.

"अगं, हिरवं दिसलं म्हणून..."

"हिरवं दिसायलाच ठेवलं होतं ना ते! तीन आठवडे मी मावा पाळला, माणसाला जपत नाही असं झाड जपलं, आणि तुम्ही..." पुढचे शब्द कांजीमावशीला सापडले नाहीत. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि हे पहिल्यांदाच घडत होतं.

आणि नेमके तेव्हाच साहेब फाटकातून आत आले. मागे गुलाबवाला.

"पुरावा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"खुडला," मावशी म्हणाली. लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती. "आमच्या यांनी. सवयीने."

"वा!" गुलाबवाला हसला. "पट्टा आला असेल म्हणून सवय आठवली."

"असं कुणीही म्हणू शकतं, बाई," साहेब म्हणाले. त्यांनी पेन काढलं. "शेंडा तरी आहे का? की टाकला?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच कोटाच्या खिशात हात घातला आणि एक पुडकं बाहेर काढलं. ओल्या चिंधीत गुंडाळलेला शेंडा, टवटवीत, निव्वळ हिरवा. साहेबांनी भिंग लावलं. एक ठिपका नाही.

पण मावशी शेंड्याकडे बघतच नव्हती. ती चिंधीकडे बघत होती.

"अहो, टाकायचा शेंडा ओल्या चिंधीत कशाला?"

"अगं, तो..."

"खिशात ओली चिंधी आली कुठून? रोज असते?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शाळेत पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "चला. टाकीमागे चला."

टाकी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा होती. तिकडे कुणी जात नसे, कारण टाकी गळायची. त्याच गळत्या पाण्यावर एक जंगल उभं होतं. तेलाचे डबे, टवके उडालेले मग, एक फुटकी बादली, काकांचे जुने बूट, आणि प्रत्येकात एकेक हळदकुंकू. हिरवं. प्रत्येकाच्या देठाला चिंधी आणि चिंधीवर शिंप्याच्या पेन्सिलीने तारीख. सगळ्यांत जुनी तारीख चार वर्षांपूर्वीची. पानं जागोजागी कुरतडलेली, त्यांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट निवांत चरत होते.

"इतका चांगला जीव," काका म्हणाले. "खड्ड्यात कसा टाकू? तुकडाच आहे, पण जगायचं म्हणतोय."

"चार वर्षं!" मावशी म्हणाली. "चार वर्षं मला 'बरं' म्हणत होतात!"

साहेब मात्र खाली वाकले होते. पॅंटचे गुडघे चिखलात. पहिला डबा बघितला, दुसरा, बूट, बादली. वर न बघताच विचारलं, "काका, ही सगळी त्या बांड्यांच्याच अंगावरची?"

"एकूण एक."

मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. राग तसाच खुंटीला टांगून ती पुढे सरसावली. "बघा साहेब! तुमचं म्हणणं, बांडं झाड आजारी. ही त्याच झाडांची हाडामांसाची लेकरं. रोग आईच्या अंगात असता तर लेकराच्या एका तरी पानावर उतरला असता ना? इथे चार वर्षांचं झाड आहे. माझ्या तीन आठवड्यांच्या कुंडीपेक्षा हे मोठं. दाखवा पट्टा!"

साहेबांनी तरीही सगळी झाडं तपासली. सदतीस. अर्धा तास लागला. गुलाबवाला मधेच कुठे सटकला ते कळलं नाही. शेवटी साहेब उठले, गुडघे झटकले आणि लाल पट्टी सोडायला निघाले.

"थांबा," मावशी म्हणाली. "बांधताना चार माणसांसमोर बांधलीत. सोडायची तीही चार माणसांसमोर."

"मावशी, सोडतोय ना..."

"चार म्हणजे चार." तिने सगळ्या वाफ्यांवर हाक फिरवली. माणसं जमली. तिने मोजली. गुलाबवाल्याला गुलाबांमागून बोलावून आणलं आणि पुढे उभं केलं. मग म्हणाली, "आता सोडा. आणि कागदावर लिहून द्या, रोग नाही."

साहेबांनी लिहून दिलं. जाता जाता एक डबा मागून नेला. तोही काकांनी तारीख परत परत वाचून, जड हाताने दिला.

बाविसाव्या दिवशी हातगाडीवर साठ बांड्या कुंड्या चौकात पोचल्या. त्यांच्यामागून दुसरी गाडी, डबे, मग, बादली आणि बूट घेऊन. मेट्रनबाई दचकल्या. "मावशी, ही डबडी? आज पाहुणे आहेत."

"ही नसतील तर तीही नाहीत," मावशी म्हणाली. "बांडी बघायला, ही खायला. सुरवंट यांच्यावरच आहेत. फुलपाखरू काय कुंडीतून उगवणार?"

मेट्रनबाई जुन्या. कॉलर टोचली तरी कोट कडकच घ्यायचा असतो, हे त्या शिकलेल्या. "लावा," म्हणाल्या.

जिथे दोऱ्यांचे खांब होते तिथे मावशीने स्वतःच्या हाताने बूट ठेवले. काका बांड्यांच्या रांगेवरून सवयीने फिरायला लागले. एका कुंडीशी थांबले, नख पुढे गेलं आणि हवेतच राहिलं. त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने पाण्याच्या बादलीत चिंधी बुडवली, पिळली आणि त्यांच्यापुढे धरली.

तेवढ्यात एक पाहुणे बांड्या पानाला बोट लावत म्हणाले, "छान आहे, पण हे झाड जरा आजारी दिसतंय."

मावशीने पदर खोचला.

"आजारी माणसं आत खाटांवर आहेत, साहेब. त्यांना भेटा, बरं वाटेल त्यांना. हे बांडं आहे."