बेंचवर बसायचं राहून गेलं

चेन्नईत कुणी घर कुठं म्हणून विचारलं तर मी पुणे सांगते. घाटघर सांगून कुणाला कळणार? माझी शाळा नववीत सुटली ती उंचीमुळं. जुन्नरला तालुक्याच्या स्पर्धेत एका सरांनी पाहिलं, क्रीडा वसतिगृहात नेलं आणि पुस्तकं मागं पडत गेली. बास्केटबॉलनं मला जेवू घातलं, हे मी विसरत नाही. पुढं इथल्या एका कंपनीच्या संघात आले. करार दर वर्षी नवा. बाकीच्या पोरी पदवीधर, खेळ संपला की त्यांना ऑफिसात टेबल. मला दहावीसुद्धा नाही. गुडघे आहेत तोवर मी आहे, ही धास्ती पहिल्या दिवसापासून होती.

आमच्याकडं उन्हाळ्यात पडकई असते. डोंगरउतारावर दगडांचे बांध घालून भाताची खाचरं करायची. घरटी एक माणूस येतं, मजुरी नाही. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. बाकीचे दगड उचलत असताना आपण बसायचं, एवढं मात्र चालत नाही. एकदा पायात काटा मोडला म्हणून मी बांधावर टेकले, तर शेजारची काकी ओरडली, "अगं ये ताडमाड, तू बसलीस तर आमी तुला काय पाळण्यात घालून हलवायचं व्हय?" सगळ्या हसल्या. आई हसली नाही. "ऊठ," एवढंच म्हणाली.

एका सामन्यात दुसऱ्या क्वार्टरला रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, घेऊन मी खाली आले आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. आमच्या कोच मॅडम केरळच्या. त्यांनी लांबूनच हातानं विचारलं, बदली पाहिजे का? मॅडमनी आपणहून बाहेर काढलं तर मी निमूट बसायचे. पण दुसऱ्यांना राबत ठेवून स्वतः बदली मागायची, हे मला कधी जमलं नाही. मान हलवली. नको. मध्यंतरात त्यांनी गुडघा दाबून पाहिला.

"दर्द है?"

"नहीं, मॅडम."

"सच बोल."

"थोडा है. चलेगा."

तिसऱ्या क्वार्टरला पाय जागेवर राहिला आणि मी वळले. लिगामेंट तुटलं होतं.

ऑपरेशनचं सगळं कंपनीनं बघितलं. मॅडम दवाखान्यात रोज यायच्या, रसमभात घेऊन. कुणाच्या पोरीसाठी कोण एवढं करतं? मी परत चालायला शिकले, पळायला शिकले. आई फोनवर विचारायची, "लई दुखतं का गं?" मी म्हणायचे, "न्हाई."

मग चाचणीचा दिवस आला. एका पायावर उडी मारायची आणि त्याच पायावर उतरायचं. त्यात पास झाले तर नवा करार. डावा चांगला उतरला. उजवा उतरताना गुडघा आत कलला. पुन्हा केलं, पुन्हा कलला. तिसऱ्या वेळी मॅडमनीच थांबवलं.

"बस, बेटा. हो गया."

करार होणार नाही हे त्यांनी तिथंच, बास्केटच्या खांबाला टेकून सांगितलं. "उस दिन तू बैठ जाती ना..." म्हणाल्या. मी "थँक यू, मॅडम" म्हणाले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पंखा फिरत होता, बाकीच्या पोरी ले-अपचा, पळत येऊन बास्केट टाकायचा, सराव करत होत्या, मी बघत राहिले. आपल्याला वाईट वाटतंय का, हेही मला कळेना.

संध्याकाळी आईला फोन केला. "आई, खेळ संपला."

"म्हंजी हरला का तुमी?"

"न्हाई. माझा संपला. करार न्हाई देणार."

तिकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मंग ये की हिकडं."

कधी, ते तिनं विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि रोजच्यासारखे बूट पुसायला घेतले. दुसऱ्या दिवशी ते कुठं घालायचे नव्हते. तरी दोन्ही पुसून कॉटखाली ठेवले.