थंडीतून आलेली बोटं

चुलीवरून उतरवलेला चहा सुकेशनीने स्टीलच्या गिलासांत ओतला. सासूबाईंनी, म्हणजे लिलाबाईंनी, आपला गिलास पदरात धरला. सुकेशनीने स्वतःचा खाली ठेवून दिला. नरेंद्रने मात्र गिलास मुठीत घट्ट धरला आणि आईशी बोलत बसला. बोलता बोलता एक घोट घेतला आणि झटक्यात तोंड मागे ओढलं.

"बाप्पा, केवढा गरम हाये!"

ओठाला कळलं ते हाताला कळलं नव्हतं. सुकेशनीने नवऱ्याच्या तळहाताकडे पाहिलं. तो लालबुंद झाला होता आणि गिलास अजून तसाच मुठीत होता.

नरेंद्र पोलंडहून सुट्टीवर आला होता. तिथे तो गोठवलेल्या अन्नाच्या गोदामात कामाला होता. मटार, मासे, पाव, सगळं दगडासारखं कडक. उणे पंचवीस अंशांत ते खोक्यांत भरायचं, चिठ्ठ्या लावायच्या, गाडीवर चढवायचं. तिथला अंगभर जाड पोशाख घातलेला फोटो त्याने पाठवला होता, तेव्हा लहानग्या धम्मदीपाने "बाबा अस्वल झाले" म्हणून शेजारीपाजारी दाखवला होता. लिलाबाईंना त्या धंद्याचं कोडं काही सुटत नव्हतं. "दोन-दोन वर्साचं मटर खाते ते लोकं? आपल्या शेलूबाजारात यावं म्हणा, ताजं भेटते."

गावात थंडी पडली होती. शेतात तूर उभी होती, लोक गोधड्या पांघरून शेकोटीपाशी बसत. नरेंद्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडायचा. ही कायची थंडी, म्हणायचा. पण हात सारखे खिशात.

सुकेशनी गावची आशा ताई होती. त्या महिन्यात कुष्ठरोग शोधण्याची मोहीम चालू होती. ती घरोघर फिरून विचारायची, अंगावर सुन्न चट्टा आहे का, गरम-गार कळते ना, चटका बसला तर लक्षात येते ना. मग ठरलेलं वाक्य. "लपवू नका बरं. याच्या गोळ्या फुकट हायेत, पुरा बरा होते." तपासून झालं की दारावर खडूने खूण करायची आणि पुढच्या घरी जायचं.

त्या सकाळी चहानंतर ती निघाली, पण पहिल्याच दारात प्रश्न विचारताना तिची जीभ अडखळली. चटका बसला तर लक्षात येते ना? समोरची बाई म्हणाली, "येते ना ताई, न यायले काय झालं?"

मग ती नवऱ्यावर नजर ठेवू लागली. धम्माच्या फ्रॉकची गुंडी त्याला लावता येईना. पोरगी हसली, "बाबाले गुंडी येत नाई!" तोही हसला आणि तिला आजीकडे पिटाळलं. तुरीच्या शेंगा सोलताना बोटातून रक्त आलं तरी तो सोलतच राहिला. शेंगांवर डाग दिसला तेव्हा कुठे त्याने बोट तोंडात घातलं.

सुकेशनीला मागच्या गल्लीतली हिरीबाई आठवायची. हिरीबाईचा रोग केव्हाच बरा झाला होता, पण वाकडी झालेली बोटं तशीच राहिली आणि तिच्या घरचं पाणी आजही कोणी पीत नव्हतं. आशा ताई म्हणून सुकेशनी मुद्दाम तिथे चहा प्यायची, लोकांनी पाहावं म्हणून. आता तीच सुकेशनी धम्माला बापाच्या कुशीतून उचलून आपल्याकडे घ्यायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून पोरीला परत त्याच्याकडे ढकलायची. स्वतःच्या दारावर तिने खडूची खूण केली होती. घरात मात्र कोणालाच तपासलं नव्हतं.

रविवारी लिलाबाई धम्माला घेऊन विहारात गेल्या. सुकेशनीने पिशवीतून बॉलपेन काढलं.

"इकडे बसा जरा. सराव करतो तुमच्यावर."

"माह्यावर? मी काय गिनीपिग हावो?"

"डोळे मिटा. जिथं टेकलं तिथं बोट दाखवा, नाईतर नुसतं हं म्हना."

त्याने डोळे मिटले. तिने मनगटावर पेन टेकवलं. "हं." दंडावर. "हं." तळहातावर जरा थांबून, "हं." तर्जनीच्या टोकावर. "हं." तिला हायसं वाटलं. मधल्या बोटावर. "हं." सगळं कसं वेळेवर, शाळेतल्या हजेरीसारखं.

मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने पेन हवेतच धरलं. बोटाजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"हं," नरेंद्र म्हणाला.

तिने पुन्हा तसंच केलं.

"हं."

"म्या टेकवलंच नाई," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले नाहीत. आता उघडले तर तिच्याकडे पाहावं लागणार होतं.

"कवापासून?" तिने विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून." मग तो हळूहळू बोलू लागला. जाड हातमोज्यांनी चिठ्ठी मागच्या कागदावरून सुटत नाही. एकेक चिठ्ठी सोलायला वेळ गेला की वरचा माणूस ओरडतो. म्हणून वरचा मोजा काढायचा, आतल्या पातळ मोज्यावर काम करायचं. सगळेच करतात. आधी बोटं पांढरी पडायची, मग ठणकायची. "ठनकत होते तवर बरं होतं. मंग ठनकनंच बंद झालं. मले वाटलं सवय झाली."

"आन् मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू जाऊ देल्लं असतं का परत?"

त्याचं म्हणणं तिला खरं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. सुन्न झालेल्या प्रत्येक माणसाकडे कारण तयार असायचं. कोणी म्हणे विळा लागला होता, कोणी म्हणे लहानपणी पोळलो होतो. थंडीचं कारण तिने कधी ऐकलं नव्हतं.

"उद्या आरोग्य केंद्रात चला."

"त्या रोगासाठी? कोनी पाहिलं त?"

"लपवू नका म्हनत मीच फिरतो ना गावभर," ती म्हणाली.

सकाळी जीपमध्ये ओळखीच्या बायांनी विचारलं, जोडीनं कुठे? "सासूबाईच्या गोळ्या आनाले," सुकेशनी म्हणाली. नरेंद्र खिडकीबाहेर पाहत राहिला.

डॉक्टर मॅडमनी पाठ पाहिली, पोट पाहिलं, कानाच्या पाळ्या पाहिल्या. कोपराजवळची शीर दाबली. बारीक नायलॉनचा धागा बोटांना लावला. नोकरीची सगळी चौकशी केली. सुकेशनी कोपऱ्यात उभी होती. या खोलीत तिने किती जणांना आणलं होतं, पण दाराची कडी कधी अशी घट्ट धरली नव्हती.

"खात्रीसाठी वाशीमला दाखवून घ्या," मॅडम म्हणाल्या, "पण मला हा कुष्ठरोग वाटत नाही. चट्टा नाही, शीर जाड नाही. दोन्ही हातांची फक्त टोकं बधिर आहेत. हे थंडीचं आहे."

सुकेशनीने कडी सोडली. तिला हसू आलं आणि डोळेही भरले. नरेंद्र तिच्याकडे पाहून म्हणाला, "पाह्य, सांगतलं होतं ना?"

"मग गोळ्या कोणत्या देता, मॅडम?" तिने पदराने डोळे पुसत विचारलं.

"गोळ्या म्हणजे... ठणका लागला तर देऊ. पण बधिरपणाला असं खास औषध नाही. हात गरम ठेवायचे, चटक्यांपासून जपायचं. संवेदना येईलही परत, वेळ लागेल. पुन्हा त्या थंडीत गेले तर मात्र सांगता येत नाही."

ज्या रोगाच्या भीतीने ती रोज जागी राहत होती, त्याच्या गोळ्यांची पाकिटं मॅडमच्या मागच्याच कपाटात होती. या दुखण्यासाठी त्या कपाटात काही नव्हतं.

बाहेर येताच नरेंद्र मोकळा झाला होता. भजी खाऊ म्हणाला. "चाल, टळलं एक. आता पुढच्या सोमवारी बिनघोर निंगतो."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? तिकीट झालं ना."

ती रस्त्याच्या कडेला थांबली. ट्रक जात होते, तिला ओरडावं लागलं. "आमच्या कामात पहिली गोळी मानसाले समोर बसवून गिळवतो आमी. घरी जाऊन घेतो म्हनला तरी सोडत नाई. तुमी आत्ता, माह्यासमोर, एजंटले फोन करा. गोदामाच्या बाहेरचं काम मांगा. गाडीवरचं, दारावरचं, कोनतंही."

"पगार कमी असते त्याचा."

"असू द्या."

त्याने फोन काढला. पडद्यावर बोट दोनदा चुकलं. तिने मदत केली नाही. अकोल्याचा एजंट लगेच बोलला, फोन स्पीकरवर होता. बाहेरची जागा निघेल म्हणाला, पण आत्ता नाही. "तवरिक आतच कर ना भाऊ. दोन-तीन महिने. जास्तीत जास्त हा हिवाळा."

नरेंद्रने तिच्याकडे पाहिलं. सणापुरत्या गोळ्या बंद ठेवतो म्हणणाऱ्या रुग्णांचे चेहरे तिने पुष्कळ पाहिले होते. तिने नाही अशी मान हलवली, पण बोलली नाही. त्याच्या ऐवजी आपण बोललो तर उद्या तो म्हणेल, तूच जाऊ दिलं नाहीस.

"हॅलो? भाऊ? हाव का नाई?" एजंट विचारत होता.

"बाहेरची जागा निंगन तवा सांगजा," नरेंद्र सावकाश म्हणाला. "तवर माह्यं तिकीट राहू द्या."

"राहू द्या कसं? तिकीट जाईन ना लेका. मंग जागा भेटन का नाई, मी बोलत नाई."

"जाऊ द्या."

फोन बंद झाला. घरी आईला काय सांगायचं, तुरीनंतर काय करायचं, दोघांनाही ठाऊक नव्हतं. भजीवाला कढईतून घाणा काढत होता. नरेंद्रने भज्यांच्या कागदाकडे हात पुढे केला, तसा सुकेशनीने तो आधी आपल्या हातात घेतला, फुंकर मारली, एक भजं स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहिलं आणि मग त्याला दिलं.